आम्ही दिवसभर काय करतो

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. आधी बाळंतपणाचं लिहिते, कारण तुझा सगळा जीव त्यात आहे. आम्ही येतोय. आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चच्या ज्या मिशनवर, म्हणजे सेवाकार्यावर, आम्ही दोघं आलोय, त्याच्या प्रमुखांशी, मिशन अध्यक्षांशी, बाबांचं बोलणं झालं. घरात असा प्रसंग असला की आमच्यासारख्या जोडप्यांना सात ते दहा दिवस घरी जाऊन यायची परवानगी मिळते, खर्च मात्र आपला आपण करायचा. डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढेमागे होते, म्हणून बाळ झाल्याचा फोन आला की निघायचं असं ठरवलंय. आधीच येऊन वाट बघत बसलो तर हातातले दिवस तसेच संपतील. मला बाळाला मांडीवर घ्यायचंय, तुझी जागरणं वाटून घ्यायचीत.

‘आलात की परत जाऊच नका’ असं तू लिहिलं आहेस. ते मात्र आम्ही करणार नाही, बाळा. मिशनवर ६, १२, १८ की २३ महिने राहायचं, हे जोडप्यानं स्वतः निवडायचं असतं. आम्ही १८ निवडले, आणि तुम्हा दोघा भावंडांशी बोलूनच निवडले. तुझ्या बाळंतपणात मी पूर्ण वेळ तुझ्याजवळ नसेन याचं मला फार वाईट वाटतं. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तू विचारलं आहेस, ‘या वयात तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय?’ फोनवर मी ‘ऑफिसचं काम’ एवढंच सांगते, तेवढ्यात तुझं पोरगं रडायला लागतं आणि विषय राहून जातो. म्हणून आज बसून सगळं लिहिते.

लॅटर-डे सेंट्स चर्चचे मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पट्टी लावून जोडीनं फिरणारी पोरं येतात. पट्टी आम्हालाही आहे. इथे बाबांना ‘एल्डर’ म्हणतात आणि मला ‘सिस्टर’. पण आमचा दिनक्रम त्या मुलांसारखा नाही. त्यांनी साधारण साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे मालवायचे, दिवसभर लोकांना भेटायचं, शिकवायचं. आम्हाला दारोदार जावं लागत नाही. आम्ही उठतो, शास्त्रवाचन करतो, थोडं चालून येतो आणि नऊला मिशन ऑफिसचं दार उघडतो.

ऑफिसात माझ्याकडे कागदपत्रं. कोणाचा व्हिसा कधी संपतो, कोणाचा पासपोर्ट कुठे आहे, बाप्तिस्म्याच्या नोंदी नीट भरल्या आहेत का, कोणाच्या नावानं पाकीट आलंय. बाबांकडे घरं आणि गाड्या. मुलांची राहायची घरं शोधायची, भाडेकरार वाचायचा, अनामत भरायची, लाईट-पाण्याची बिलं वेळेवर जातात ना ते बघायचं, गाद्या-भांडी पोचवायची. तू म्हणशील, हे तर कोणीही करेल. करेलही. पण हे कोणी केलं नाही, तर त्या मुलांना घर शोधत फिरावं लागेल, आणि ज्या कामासाठी ती आई-बाप सोडून आली ते काम बाजूला पडेल. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. सुटकेसा, गाद्यांच्या वळकट्या, निरोप घेणारी मुलं, नवी आलेली बावरलेली मुलं. २०१२ पासून मुलगे अठराव्या वर्षी मिशनवर येऊ शकतात. अठरा म्हणजे काय गं! तू त्या वयात स्वतःची गादी तरी उचलत होतीस का?

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते घरं बघायला जाण्याबद्दल. मुलांची घरं स्वच्छ आहेत का, गॅस-वायरिंग धड आहे का, हे अधूनमधून जाऊन बघणं हा आमच्या कामाचा भाग आहे. आम्ही आधी कळवून जातो, त्यामुळे दार उघडतं तेव्हा फरशी अजून ओली असते. मी फ्रिज बघते, बाथरूम बघते, अंथरुणं बघते. मध्यंतरी अशाच एका घरी गेलो. दोघांपैकी एक मुलगा भरभरून बोलत होता, दुसरा पलंगाच्या कडेला बसून बुटांची लेस सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. नवाच आलेला. मी दोन-तीन प्रश्न विचारले, तो ‘हो सिस्टर’, ‘नाही सिस्टर’ याच्या पुढे गेला नाही.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बाबांनी पिशवीतून पाना काढला आणि त्या मुलाला म्हणाले, ‘जरा टॉर्च धरतोस का?’ दोघं सिंकपाशी वाकून उभे राहिले. बाबांनी नळ खोलला, झिजलेला वॉशर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, ‘बघ, एवढ्याशा रबरानं सगळं पाणी अडवायचं असतं.’ पोरगा त्या वॉशरकडे बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला. त्याचे वडील असंच घरी सगळं दुरुस्त करायचे, आता आजारी आहेत, आणि आपण इथे येऊन बरोबर केलं का हे त्याला कळत नव्हतं. बाबांनी मान वर केली नाही. नवा वॉशर बसवला, नळ हळूहळू आवळत राहिले, ‘हं’, ‘मग?’ एवढंच म्हणत राहिले. मी दुसऱ्या मुलाला घेऊन बाहेरच्या खोलीत थांबले. नळ दुरुस्त व्हायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला.

निघताना बाबांनी त्याला सांगितलं, ‘आज घरी फोन कर, आणि अध्यक्षांशीही बोल, उद्यावर टाकू नकोस.’ पूर्वी मिशनरी मुलांना घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस मिळायचे, नाताळ आणि मातृदिन. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. हा बदल ज्यांनी केला त्यांचे मी मनातून आभार मानते. त्या मुलानं फोन केला. वडिलांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तो इथेच आहे, आणि आता बोलतो.

अशा मुलांना अध्यक्ष असतात, जोडीदार असतो, नियम सांगायला माणसं पुष्कळ असतात. ज्याच्यासमोर चांगलं दिसायची गरज नाही असं मोठं माणूस मात्र फार थोडं मिळतं. ती जागा आमची आहे. ती भरायला वय लागतं, आणि वय आता आमच्याकडे आहे.

दुपारी आम्ही भेटीला जातो. चर्चमध्ये यायचे थांबलेले, आजारी, एकटे राहणारे असे लोक. एक आजी आहेत, सुरुवातीला दाराची साखळीही काढत नसत. आम्ही फटीतूनच विचारपूस करून निघायचो. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या की आईचा वाढदिवस कधी ते मला ठाऊक नाही, आई मी लहान असतानाच गेली. मी त्यांना म्हटलं, बघूया शोधून. फॅमिलीसर्च, आपल्या चर्चची पूर्वजांच्या नोंदी शोधायची वेबसाइट, तुला माहीतच आहे. आपल्या चर्चनं वंशावळीच्या नोंदी जमवायला १८९४ मध्ये संस्था काढली, १९३८ पासून देशोदेशीच्या दफ्तरांतले कागद मायक्रोफिल्मवर उतरवले, आणि ती जवळजवळ २४ लाख रिळं २०२१ मध्ये पूर्ण स्कॅन करून झाली. त्यातलं कितीतरी कोणालाही फुकट बघता येतं. हे सगळं मी पूर्वी ऐकून होते, पण ते कशासाठी हे मला त्या आजींच्या टेबलाशी बसल्यावर कळलं. बऱ्याच दिवसांच्या शोधानंतर एका जुन्या नोंदवहीचं पान सापडलं. आईचं नाव, जन्मतारीख, आणि खाली आजोबांची सही, शाई पसरलेली. आजींनी स्क्रीनवर बोट ठेवून ती सही अक्षर-अक्षर गिरवली. मग म्हणाल्या, ‘माझ्यासारखाच ‘र’ काढायचे.’ आता त्या साखळी काढतात. चर्चला अजून येत नाहीत, आणि मी त्यांना ‘कधी येणार’ असं विचारत नाही. यायचं त्या ठरवतील. आमचं जाणं चालू राहील.

आता बाबांचं आणि माझं. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. एवढी वर्षं आम्ही संसार केला, पण एक काम दोघांनी मिळून असं कधी केलं नव्हतं. ते सकाळी त्यांच्या कामाला, मी माझ्या. संध्याकाळी भेटायचो ते दमलेले, आणि बोलायचो ते तुमच्याबद्दल, फीबद्दल, घराच्या हप्त्याबद्दल. इथे आमची टेबलं समोरासमोर आहेत. फोनवर चिडलेल्या घरमालकाशी ते किती सबुरीनं बोलतात हे मी पहिल्यांदा बघितलं. मी हिशेबातली चूक पकडते तेव्हा ते बाकीच्यांना कौतुकानं सांगतात, ‘हिच्या नजरेतून काही सुटत नाही.’ घरी त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं, कारण घरी त्यांनी मला काम करताना बघितलंच नव्हतं. आमचे वादही होतात. कोणत्या घरी आधी जायचं, कोणता रस्ता घ्यायचा, कोणाला किती पाठीशी घालायचं. पण रात्री दोघं शेजारी गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करतो, आणि ज्याचं नाव घेऊन दुपारी वाद झाला त्याचंच नाव त्यांच्या तोंडून ऐकलं की माझा राग उरत नाही.

बायबलच्या नव्या करारातल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबद्दल मी हल्ली खूप विचार करते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८. तंबू करणारं जोडपं. प्रेषित पौल करिंथ शहरात आला तेव्हा त्यांच्याकडे राहिला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. पुढे अपुल्लोससारखा विद्वान, बोलण्यात तरबेज माणूस अर्धवट माहितीवर शिकवत होता, तर या दोघांनी त्याला चारचौघांत दुरुस्त केलं नाही, आपल्याकडे घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. त्या दोघांचं नाव जिथे येतं तिथे जोडीनंच येतं, एकट्याचं कुठेच नाही. हे मी किती वेळा वाचलं होतं, पण इथे आल्यावर ते मला ओळखीचे वाटायला लागले.

कठीण दिवसही असतात. रविवारी दुपारी तुमच्या घरातला गोंगाट फोनवर ऐकून मग फोन ठेवणं मला जड जातं. त्यानंतरचा तास मी मुद्दाम मोकळा ठेवत नाही, कोणाकडे तरी जाते. बाबांचा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, म्हणून वरच्या मजल्यांवर मी जाते आणि ते खाली गाडीपाशी थांबतात. पैशाची काळजी तू करू नकोस. जोडप्यांनी आपला खर्च स्वतः करायचा हे खरं, पण २०११ पासून घरभाड्यावर मर्यादा आहे, त्यावरचं चर्च भरतं. बाकीचं आम्ही निघण्याआधीच बाजूला काढून ठेवलेलं आहे.

तुझ्या सासूबाईंशी मी स्वतः बोलणार आहे. पहिला महिना त्या तुझ्याकडे राहतील असं त्या आपणहून म्हणाल्या होत्या. त्यांना ‘आईसारखं नाही’ असं चुकूनही जाणवू देऊ नकोस. त्या मनापासून करतात. आणि मी लांब असले तरी रात्री-अपरात्री फोन कर. बाळ रडत असेल आणि तुला काही सुचत नसेल तर वेळ बघू नकोस. फोन माझ्या उशाशीच असतो.

आणखी दोन कामं. बाबांच्या तपासणीचे जुने रिपोर्ट कपाटाच्या वरच्या खणात निळ्या फाइलमध्ये आहेत, त्यांचे फोटो काढून पाठव, इथल्या डॉक्टरांना दाखवायचेत. आणि घराची दुसरी चावी दादाकडून घेऊन ठेव. आम्ही येऊ तेव्हा तो बाहेर असला तर पंचाईत नको. पुढच्या आठवड्यात नव्या मुली येताहेत, त्यांच्यासाठी अजून घर मिळालेलं नाही, उद्या सकाळी बघायला जायचंय. म्हणून इथेच थांबते. जावईबापूंना आशीर्वाद, पिल्लाला पापा.

तुझी,
आई