मुंबई विमानतळाच्या टी-टूच्या (टर्मिनल दोन) त्या काउंटरवरच्या ताईंना

ताई, बॅजवर तुमचं नाव वाचलं होतं पण इथे मुद्दाम लिहीत नाही, उगाच तुमच्या नोकरीवर काही यायला नको. जुलैमधली ती पावसाची रात्र, साडीतल्या सत्तरीच्या आजी आणि रडवेली मी, एवढ्यावरून ओळखाल.

नागपूरहून आईला घेऊन येत होते, पुढे रात्री 11:40 ला सिंगापूर, बहिणीचं बाळंतपण. दोन्ही तिकिटं पॉइंट्सवर काढलेली, नागपूर-मुंबई एका कार्डाच्या पॉइंट्सवर आणि पुढचं सहा वर्षं साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे एअरलाइनच्या पॉइंट्सवर, कारण एकाच प्रोग्रॅममध्ये अख्ख्या प्रवासाच्या रिवॉर्ड सीट मिळतच नव्हत्या. मध्ये साडेचार तास ठेवले होते, वाटलं पुष्कळ झाले. पण मुंबईत तुफान पाऊस, विमान नागपूरहूनच उशिरा निघालं, मग वरती घिरट्या, टी-वनला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कारण वेगळ्या तिकिटांवर त्या आपोआप पुढे जात नाहीत, आणि तिथून हायवेच्या ट्रॅफिकमधून सहारला टी-टू.

टी-वनच्या हेल्पडेस्कवर विचारलं, पुढच्या एअरलाइनला नुसता एक फोन कराल का, आम्ही येतोय म्हणून. मान वर न करता उत्तर आलं, "सेपरेट पीएनआर आहे मॅडम, आमचा संबंध नाही." नियम बरोबर आहे, मला मान्य आहे. एकच तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवणं त्यांच्यावर आलं असतं, दोन वेगळी असली की दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी आपण फक्त न आलेले प्रवासी. पण शेजारी गुडघे धरून उभी असलेली म्हातारी बाई दिसायला कुठला पीएनआर लागतो? कॉल सेंटरचं तर बोलायलाच नको, टॅक्सीभर नुसतं म्युझिक ऐकलं.

तुमच्यापर्यंत पोचलो तेव्हा 11:10 झाले होते, काउंटर एक तास आधीच बंद होतो, तुम्ही कागद आवरत होतात. खोटी आशा दाखवली नाहीत, सरळ म्हणालात, "ताई, हे विमान आता नाही मिळणार." आणि मी रडायच्या आत दुसरं वाक्य, "पण अजून सुटलेलं नाही, सुटायच्या आत कॅन्सल करा, नो-शो लागला तर सगळे माइल्स जातील." हे मला माहीतच नव्हतं हो! सहा वर्षांचे माइल्स अर्ध्या तासात गेले असते. माझा फोन 3 टक्क्यांवर, तो तुम्ही तुमच्या चार्जरला लावलात, आत कुणाशी तरी बोललात, पुढचं सगळं सांगत बसत नाही, माइल्स थोडा दंड कापून परत आले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या दोन सीटही मिळाल्या.

पण हे पत्र त्यासाठी नाही, ते खुर्चीसाठी आहे.

मी फोनवर असताना तुम्ही तुमची स्वतःची खुर्ची काउंटरच्या मागून बाहेर आणलीत. आई नको नको करत होती. खुर्चीला चाकं होती, बसताना मागे सरकेल म्हणून तुम्ही तुमचा बूट चाकाला लावून धरलात, एक हात पाठीला आणि दुसरा आईच्या दंडाला, आणि ती नीट टेकेपर्यंत पाय काढला नाहीत. आई म्हणाली, "पोरी, तू आता उभी राहशील काय?" तुम्ही म्हणालात, "मला सवय आहे आजी." आणि पाऊण तास उभ्या राहूनच काम केलंत. तुमची ड्यूटी तेव्हा संपली होती हे नंतर तुमच्या सहकाऱ्याकडून कळलं.

त्या दिवशी सकाळपासून आम्हाला कितीतरी जणांनी उत्तरं दिली, आईचे गुडघे फक्त तुम्हाला दिसले. तो चाकाला लावलेला बूट अजून डोळ्यासमोर आहे आणि लिहितानाही घसा दाटतोय. अशी माणसं आहेत म्हणून या शहरात आपलं म्हातारं माणूस घेऊन बाहेर पडायची हिंमत होते, खरंच सांगते.

आईने बॅग उघडून बहिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक तुम्हाला दिला, ड्यूटीवर चालत नाही म्हणालात आणि तरी टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवलात. बहिणीला मुलगी झाली, दोघी छान आहेत. आई फोनवर सगळ्यांना खुर्चीवाल्या पोरीची गोष्ट सांगते. पुढच्या महिन्यात परत येतोय, या वेळी एकाच तिकिटावर, सहारला उतरलो की वर डिपार्चरच्या गेटपाशी थांबून तुम्हाला निरोप पाठवू. आईने लाडवांचा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय, दोन मिनिटं बाहेर याल ना?