इंजेक्शनने काय होणार?

महोदय,

बलात्काराची एखादी भीषण बातमी आली, की ‘असल्यांना इंजेक्शन देऊन कायमचं नपुंसक करा’ ही मागणी ठरलेलीच. आपल्या पत्रव्यवहारातही ती हल्ली वारंवार दिसते. संताप रास्त आहे. मात्र मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून नोकरी झाल्यामुळे थोडं लिहावंसं वाटलं.

ल्युप्रोलाइड, सायप्रोटेरॉन यांसारखी औषधं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी करतात. त्यामुळे वासना मंदावते, पण औषध चालू आहे तोवरच. ‘कायमचं’ काही होत नाही. दीर्घकाळ घेतल्यास हाडं ठिसूळ होतात. मनात येणाऱ्या विकृत कल्पनांनी जो स्वतःच हैराण आहे आणि उपचार मागतो आहे, त्याला त्यांचा उपयोग होतो. पण बाईला धडा शिकवायला निघालेल्याची मस्ती इंजेक्शनने कशी उतरणार? दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही २०१३ साली ही शिक्षा नाकारली होती.

समुपदेशनाने सगळं सुटतं असंही नाही. इंग्लंडच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी अनेक वर्षं गटउपचार चालले. २०१७ मधल्या पाहणीत उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा तसा गुन्हा केल्याचं आढळलं, न घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं! तो कार्यक्रम बंद करून तिथे नवे आणले गेले. आपल्याकडे मुळात मोजतो कोण?

माझ्या मते खरी गरज गुन्ह्याआधीच्या उपचारांची आहे. ओपीडीत एखादी आई मुलाची झोप लागत नाही म्हणून यायची. मुलाला बाहेर बसवलं की हळूच सांगायची, ‘मॅडम, शेजारच्या पोरींच्या अंगाला हात लावतो हो. लग्न लावून दिलं तर सुधारेल ना?’ लग्न हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय उपचार, आणि त्याचे परिणाम भोगायला परक्याची मुलगी! घरात अशी कुजबुज होते तेव्हाच जायला जागा हवी. लहान मुलांविषयी आकर्षण वाटणाऱ्यांसाठी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून गोपनीय उपचार मिळतात. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानेही शारिटेच्या सहकार्याने असं काम हाती घेतलं होतं. जिल्हा रुग्णालयांत मात्र याची पाटीसुद्धा दिसत नाही.

यात कायद्याचाही पेच आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार घडलेल्याच नव्हे, तर घडण्याची शक्यता असलेल्या गुन्ह्याचीही खबर द्यावी लागते. गुन्हा लपवू नये, हे योग्यच. पण ‘माझ्या मनात असं येतं, मला थांबवा’ एवढंच सांगायला आलेल्या माणसाचं डॉक्टरांनी काय करायचं, हे आरोग्य खात्याने लेखी स्पष्ट करावं.

— एक निवृत्त मनोविकार समाजसेविका, सांगली