रिपोर्ट शनिवारी रात्री मोबाईलवर आणि डॉक्टर मंगळवारी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय. जागा नसेल तर उपाशी बसल्याचं कापा पण रिपोर्टचं कापू नका, कारण लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

मी फलटण तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. मागच्या वर्षी ह्यांच्या मानेला गाठ आली, आधी वाटलं दाढेमुळे असेल, पण तपासायला पाठवली तर लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर निघाला. पुण्याला केमो चालू झाली, दर २१ दिवसांनी एक अशा ६. चौथी झाल्यावर डॉक्टर म्हणाले आता पेट स्कॅन करू, औषध लागू पडतंय का ते कळेल. केमोची एकवेळ सवय होते हो, स्कॅनची नाही होत. केमोला निदान बाटली लटकलेली दिसते, थेंब पडताना दिसतात, काहीतरी चाललंय असं वाटतं. स्कॅनला नुसतं बसून राहायचं.

तर उपाशी ६ तास. ह्यांना पहाटे ४ ला चहा लागतो, सगळा जन्म ड्युटीत गेला, तोही बंद. तिथे पोचल्यावर बोटातनं रक्त काढून साखर बघितली, १४२ आली, चालेल म्हणाले. मग कळलं की इंजेक्शनच यायचंय अजून. ते औषध म्हणजे एक प्रकारची किरणोत्सर्गी साखरच, सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमध्ये रोजच्या रोज बनवतात आणि साधारण ११० मिनिटांत निम्मं संपतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणजे सगळी रांग अडकली. आम्ही ११ जण उपाशी, आणि तिथला मुलगा दर अर्ध्या तासानी बाहेर येऊन 'माल निघालाय' म्हणत होता. ह्यांनी एवढ्यातही विचारलं, कुठला ड्रायव्हर आहे, मी जातो आणायला.

इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत पांघरूण घेऊन गप्प पडायचं, बोलायचं नाही, मोबाईल नाही, काही चघळायचं नाही. जो स्नायू हलेल तो साखर ओढतो आणि फोटोत चमकतो. मग लघवीला जाऊन यायचं आणि मशीनमध्ये वीसेक मिनिटं. घरी आल्यावर त्या दिवशी दीड वर्षाच्या नातीला लांब ठेवा म्हणाले होते, ती दारातनं आजोबांना हाका मारत होती आणि हे आतनं नुसता हात हलवत होते. असो.

आता मुख्य मुद्दा. स्कॅन झाला शुक्रवारी. डॉक्टरांची वेळ मंगळवारची. शनिवारी रात्री पावणेनऊला, आम्ही जेवत होतो, मोबाईल वाजला, तुमचा रिपोर्ट तयार आहे, लिंक दाबा. आता सांगा, कोण दाबणार नाही?

चार पानं इंग्रजी. मला वाचता येतं पण ते इंग्रजी वेगळंच. पुतण्याला बोलावलं, इंजिनियरिंगला आहे. पहिलं म्हणजे फोटो. पांढऱ्या कागदावर माणसाचा आकार आणि डोकं काळंकुट्ट, खाली पोटातही एक काळा गोळा. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, अगं बाई डोक्यात गेलंय की. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग पुतण्यानं शेवटचं वाचलं, 'डोव्हिल स्कोअर २'. भाऊजी म्हणाले म्हणजे दुसरी स्टेज. मी म्हणलं आधीच तिसरी सांगितली होती, मग कमी झालं का? कोणालाच कळेना. आणि मधे एक ओळ होती, हाडांच्या मगजात सगळीकडे अपटेक, म्हणजे औषध ओढून घेणं, वाढलेला आहे. ती ओळ पुतण्यानं गूगलवर टाकली आणि वाचता वाचता तो गप्प झाला. पोरगं गप्प झालं की कळतंच आपल्याला.

रविवार गेला. सोमवारी सुट्टी होती कसलीतरी. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला तर रिपोर्टबद्दल फोनवर सांगत नाही, ओपीडीत या. मी तीन रात्री त्या हाडाच्या ओळीपाशी होते. ह्यांनी तर सोमवारी पीएफचे कागद काढून माझ्यासमोर ठेवले, कुठला कशाचा ते समजावून सांगायला लागले. मी ऐकून घेतलं, काय करणार.

मंगळवारी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि हसले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. म्हणाले, जे चमकतं ते ह्या कागदावर काळं छापतात. मेंदू साखरेवरच चालतो, त्यामुळे तो प्रत्येकाचाच काळा दिसतो, अगदी मज डॉक्टरचा काढला तरी. खालचा गोळा म्हणजे मूत्राशय, औषध लघवीवाटे जातं ना. डोव्हिल म्हणजे स्टेज नाहीच, ते फ्रान्समधल्या गावाचं नाव, तिथे डॉक्टर लोकांनी बसून १ ते ५ मोजपट्टी ठरवली, गाठ किती चमकते ते छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी आणि लिव्हरशी ताडून बघायचं. १, २, ३ साधारण चांगलं, ४ आणि ५ ला बघावं लागतं. आमचा २. आणि हाडातलं? केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढायला पोटावर इंजेक्शनं घेतली होती ना, मगज त्यानी जोरात कामाला लागलाय, म्हणून सगळा सारखा चमकतोय. आजार असता तर सहसा ठिपक्या ठिपक्यांनी दिसला असता.

इथे माझी पण चूक सांगते. स्कॅनच्या फॉर्मवर शेवटची केमो कधी ते विचारलं होतं, मी तारीख लिहिली, इंजेक्शनांचं लिहिलंच नाही, मला काय माहीत त्याचा संबंध. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर वेगळे, केमो देणारे वेगळे, पहिल्यांना आपण कागदावर देऊ तेवढंच कळतं. तर ज्यांचा स्कॅन असेल त्यांनी लस, ताप, खोकला, इंजेक्शन, सगळं लिहा, आणि जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसता कागद नको. डॉक्टर म्हणाले हा स्कॅन साखर कुठे जास्त खपते एवढंच दाखवतो, कशामुळे ते सांगत नाही, सूज असली तरी चमकतं आणि टीबी असला तरी. बाहेर बाकावर बसलेल्या एका ताईंची छातीतली गाठ चमकली होती, तुकडा काढून तपासल्यावर टीबीच निघाला, आणि त्या टीबी निघाला म्हणून पेढे घेऊन आलेल्या.

भाऊजी म्हणतात रिपोर्ट पेशंटला द्यायचाच नाही, डॉक्टरांकडेच जाऊ दे. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या सासऱ्यांच्या वेळी घरातल्यांनी शेवटपर्यंत त्यांना काही सांगितलं नाही, ते मी बघितलंय, तसलं परत नको. कागद आमचा आहे, पैसे आम्ही भरलेत, तो आम्हाला मिळालाच पाहिजे. पण त्याच्यावर मराठीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे? मेंदू आणि मूत्राशय काळं दिसणारच. स्कोअर म्हणजे स्टेज नाही. आधीच्यापेक्षा कमी, जास्त की तेवढंच. एवढं छापलं तरी निम्मी माणसं झोपतील. पहिल्या दोन ओळी तर सगळ्यांना त्याच, एकदा छापून ठेवायच्या फक्त. आणि ओपीडी मंगळवारी असेल तर लिंक सोमवारी संध्याकाळी पाठवा, नाहीतर शनिवारी पाठवा पण रविवारी फोन उचलणारं कोणीतरी ठेवा.

डॉक्टरांना वेळ नसतो हे मला दिसतं, आमच्या आधी ४० केसपेपर होते. पण आम्हीपण अंगणवाडीत पोराचं वजन करतो तेव्हा आईला किलो-ग्रॅमचं गणित नाही सांगत, तक्त्यावर ठिपका देऊन दाखवतो, हिरव्यात आहे, पिवळ्याकडे चाललंय, खायला वाढव. शाळा न शिकलेल्या आईलाही ते बरोबर कळतं, आणि पुढच्या महिन्यात ती स्वतःच विचारते, ताई ठिपका कुठं गेला? आम्हाला मानधनावर जमतं ते एवढ्या मोठ्या मशीनवाल्यांना का जमू नये.

आता सहाही केमो झाल्यात, शेवटचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. मधे सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर केमोची सूजच चमकते म्हणे. मला शुक्रवारची तारीख देत होते, मी भांडून सोमवार घेतला. पुतण्याला सांगून ठेवलंय की लिंक आली तरी मोबाईल तुझ्याकडे ठेव. ह्यांनी लगेच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मला तेवढं गुपचूप दाखव.

आपली,
एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा