केसांसाठी प्रोस्टेटची कॅप्सूल

मा. संपादक,

टक्कल दिसू लागले की हल्ली तरुण फिनास्टेराइडवर न थांबता थेट ड्युटास्टेराइड मागतात. औषध जोरदार आहे, यात वाद नाही. फिनास्टेराइडने रक्तातले डीएचटी (केसांची मुळे बारीक करणारे पुरुषी संप्रेरक) साधारण ७० टक्क्यांनी उतरते, ड्युटास्टेराइडने ९० टक्क्यांहून जास्त. केसांसाठी त्याला दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत ते आजही फक्त वाढलेल्या प्रोस्टेटचे (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) औषध आहे. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञही ते केसांसाठी 'ऑफ-लेबल', म्हणजे मान्यता नसलेल्या वापरासाठी, लिहितात, आणि ते गैर नाही. चिठ्ठीशिवाय नुसते नाव सांगून काउंटरवर ते मिळते, तक्रार त्याबद्दल आहे.

गफलत होते ती तिथेच. प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी ०.५ मि.ग्रॅ. ड्युटास्टेराइडसोबत ०.४ मि.ग्रॅ. टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारे औषध) असलेली पाकिटेही विकली जातात. ब्रँडच्या नावापुढे कधी एखादेच अक्षर जास्त असते. टॅम्सुलोसिनचा केसांना काडीचा उपयोग नाही. उलट उठताना रक्तदाब पडून चक्कर येते, वीर्यस्खलन बिघडते. मग पंचविशीतला मुलगा दोष देतो ड्युटास्टेराइडला!

दुसरे म्हणजे हे औषध शरीरातून लवकर निघत नाही. नियमित घेतल्यावर त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे पाच आठवडे असते, फिनास्टेराइडचे काही तास. कामेच्छा किंवा ताठरता कमी झाली म्हणून कॅप्सूल बंद केली, तरी औषध कित्येक महिने रक्तात राहते. म्हणून आधी १ मि.ग्रॅ. फिनास्टेराइड वर्षभर घेऊन पाहावे, हेच शहाणपणाचे. तीन महिन्यांत निकाल मागणाऱ्यांना दोन्ही औषधे निरुपयोगीच वाटणार. शुक्राणूंची संख्या आणि हालचालही घटू शकते, तेव्हा मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

शेवटच्या कॅप्सूलनंतर सहा महिने रक्तदान करू नये. ते रक्त गरोदर स्त्रीला चढले तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. फुटलेल्या कॅप्सूललाही तिने हात लावू नये. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) तपासताना हे औषध चालू असल्याचे सांगावे. सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. नाहीतर कर्करोगाची खूण नजरेतून सुटते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडखाली 'फक्त ड्युटास्टेराइड ०.५, टॅम्सुलोसिन नको' एवढी ओळ लिहावी, आणि दुकानदाराने पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय ते हातात देऊ नये.

— एक फार्मासिस्ट, नाशिक