नाताळची भेट : आधी विचारा, मग बांधा

संपादक महोदय,

शरणपूर रोड, नाशिकरोड भागात नाताळच्या खरेदीची लगबग असते. सांताक्लॉजचे मूळ असलेले, मायरा (आजच्या तुर्कस्तानातले गाव) इथले बिशप निकोलस चौथ्या शतकातले. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये, ही त्यातली खरी गोम. आपण मात्र वसतिगृहातल्या मुलांना रांगेत उभे करून फोटो काढतो!

अनाथाश्रमात किंवा वसतिगृहात भेट द्यायची तर निदान दहा दिवस आधी फोन करून मुलांची संख्या, वये आणि गरज विचारावी. तीस मुले असतील तर तिसांना सारखीच वस्तू. पंचवीसच नेल्या की भांडणे ठरलेली. स्वेटर एक माप मोठा घ्यावा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यातही चालतो. बुटांचे माप मात्र पायाखाली कागद ठेवून आखून आणावे, अंदाजाने घेतलेले बूट कपाटात पडून राहतात. क्रीमचा केक टाळावा. फ्रीज नसेल तर तो लगेच बिघडतो, प्लम केक टिकतो. बटण सेलची खेळणी लहानग्यांना नकोतच; सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. चकाकणारा प्लास्टिकचा कागद पुनर्वापरात जात नाही, त्याऐवजी जुने वर्तमानपत्र आणि सुतळी पुरे.

आणि ब्लँकेट द्यायचेच असेल, तर नाशिकची थंडी पाहता २५ डिसेंबरची वाट कशाला? डिसेंबर लागताच द्यावे.

– एक वाचक, नाशिक