तात्या, त्या चव्वेचाळीस रात्रींबद्दल

तात्या, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहितीये, तुमचा नातू वाचून दाखवेल. घरी येऊन सांगता आलं असतं पण अण्णांचं, माझ्या वडिलांचं, नाव निघालं की माझ्याच्यानं पुढं बोलवत नाही, म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण अण्णांसारख्या, रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमनला लोक फक्त गाडीच्या खिडकीतून बघतात, हातात पहार घेऊन रुळाच्या बाजूला उभा असलेला माणूस, गाडी पुढं गेली की संपलं.

अण्णांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. दादानं सगळं म्हणून बघितलं, आईला सांभाळतो, बांधाचा वाद मिटवतो, काही नाही. तुम्ही लांब उभे होतात. तुम्ही चप्पल काढून पुढं आलात आणि हळूच म्हणालात, "हिशोब फिटला बरं का, जा आता." आणि कावळा आला. कोणाला काही कळलं नाही, मला वाटलं पैशाचं काहीतरी असेल. तुम्ही न जेवता निघून गेलात.

मग महिनाभरानं अण्णांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात पेन्शनचे कागद, एक शिट्टी, आणि खिशात मावेल अशी वही, कडा घामानं काळ्या झालेल्या. अण्णा चौथी शिकलेले, अक्षर मोठं मोठं. एका बाजूनं शेत लिहिलंय आणि वही उलटी केली की दुसऱ्या बाजूनं रेल्वे. शेताच्या बाजूला पेरणी कधी, पाऊस कधी, मालदांडी ज्वारीला उतारा किती. रेल्वेच्या बाजूला पाळ्या, आणि मधे मधे तुमचं नाव. "तात्या, १ रात्र, कांदा." "तात्या, २ रात्री, गहू." "तात्या, १, मोटर जळाली." काही ओळी खोडलेल्या. मी आणि आई बसून मोजलं तात्या. एकूण एकशे सात रात्री. खोडलेल्या, म्हणजे फिटलेल्या, त्रेसष्ट. चव्वेचाळीस बाकी.

आईनं मग सगळं सांगितलं. थंडीत रूळ आकसतात, जोडाला ताण येतो, रात्री-पहाटे रूळ तडकायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून पेट्रोलिंग, म्हणजे रुळावरनं चालत तपासणी, कडक. आणि नेमकं त्याच डिसेंबर-जानेवारीत आमच्या गव्हाला, कांद्याला पाणी पाहिजे आणि लाईट रात्रीची. अण्णांनी रात्री लाईनवर चालायचं की वावरात पिकाला पाणी द्यायला दारं धरायची? शेतीवर घर चालत नव्हतं म्हणून रेल्वे धरली होती आणि रेल्वेच्या पगारातनं शेत धरून ठेवलं होतं, दोन्हीतलं एक सुटलं असतं तर आम्ही कुठं असतो कोणास ठाऊक. तेव्हा तुम्ही स्वतःचा रेस्ट सोडून, मुकादमाला सांगून, अण्णांच्या जागी पाळी करायचात. दिवसभर झोपायच्या हक्काच्या दिवशी तुम्ही अंधारात खडीवरनं बत्ती घेऊन चालत होतात आणि अण्णा वावरात गुडघाभर चिखलात. आम्ही पोरं गोधडीत झोपलेलो.

अण्णा ७२ च्या दुष्काळात पोरसवदा होते, दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. पुढं रेल्वेत हंगामी लागले ते पण खडीवरच, बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या लाईनवर. १८९७ पासूनची ती अडीच फुटी लाईन. आषाढीला पंढरपूरला जाणारी माणसं टपावर बसलेली असायची आणि अण्णा सांगायचे, त्या दिवसांत पॅकिंग करताना, म्हणजे रुळाखाली खडी ठोकताना, हात आपोआप जोरात चालायचा, एवढा जीव वर बसलाय म्हणून. नंतर कायम झाले, कुर्डुवाडीतच मोठ्या लाईनच्या गँगला आले, तिथंच तुम्ही भेटलात.

मला लहानपणी त्यांच्या फटाक्याच्या डब्याचं फार वेड होतं. पेट्रोलिंगला जाताना बत्ती, झेंड्या आणि दहा फटाके असायचे. दिवाळीत एक तरी वाजवा म्हणून मी रडले होते. तेव्हा त्यांनी अंगणात पावलं टाकून दाखवलं, रूळ तुटलेला दिसला की धावत सुटायचं, सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, तसंच पुढं पळायचं आणि बाराशे मीटरवर तीन, दहा दहा मीटरवर. चाक त्यावरनं गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. "हा फटाका वाजला नाही हीच आपली दिवाळी," म्हणाले. खरं सांगते, तेव्हा काही कळलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर पण कान तिकडंच. रात्री गाडी गेली की झोपेत म्हणायचे, जोड वाजतोय. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर, पुढं पन्नास पन्नास वाघिणी जायला लागल्या. जिथं छोटी लाईन होती त्याच मार्गानं. आमची विहीर तेव्हा कोरडी होती, गावात टँकर. तुम्ही दोघं फाटकाजवळ जाऊन ती गाडी बघून आलात हे आठवतंय ना? घरी आल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते, मग आईला म्हणाले, "लाईन चांगली ठेवलीय पोरांनी, एवढं वजन गेलं पण हादरा नाही." स्वतःच्या विहिरीबद्दल एक शब्द नाही.

दादाचं इंजिनिअरिंग, माझं डी.एड., ताईचं लग्न, हे कांद्याच्या पट्टीवर आणि पगारावर झालं असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. त्यात तुमच्या रात्री होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं. अण्णांनी सांगितलं नाही आणि तुम्ही तर कधीच नाही, उलट आमच्या घरी आलात की अण्णांचंच कौतुक. तुमच्या पण घरी लहान पोरं होती, काकू एकट्या असायच्या, त्यांना पण थँक्यू म्हणायचंय, बहुतेक तुमच्या आधी.

तुम्ही म्हणालात हिशोब फिटला. वहीत तसं नाहीये तात्या. तुम्ही ते अण्णांसाठी बोललात, त्यांचा जीव अडकला होता कशात ते फक्त तुम्हाला माहीत होतं. तुमचे आभार कसे मानू, मला खरंच शब्द नाहीत.

रविवारी मी आणि आई येतोय. यंदाच्या मालदांडीचं एक पोतं आणतोय, नाही म्हणायचं नाही. वही पण आणते. त्यात एका पानावर तारीख नाही, पीक नाही, नुसतं "तात्या, १ रात्र, पूल" असं लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. आईला पण माहीत नाही. त्या रात्री काय झालं होतं, ते सांगाल का?

तुमची,
अण्णांची धाकटी