गेजचा काटा अर्धेच सांगतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. एसीची निगा कशी राखावी, याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. फिल्टर धुण्याचा सल्ला चांगलाच आहे. पण 'दरवर्षी गॅस भरून घ्यावा' हे वाक्य खटकले. गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि कमी झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. 22 वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यात सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणाऱ्या नळीला, गेज (दाब मोजायचे मीटर) लावायचे, काटा 60 पीएसआयच्या (दाबाचे एकक) खाली दिसला की सिलिंडर उघडायचा, अशी सवय अनेकांना असते. मीही शिकाऊ असताना तेच केले. आर-22 या गॅसचे जुने मशीन होते, काटा 55 पीएसआयवर. गॅस सोडून मी तो 68 वर नेला. सक्शनची नळी पार कॉम्प्रेसरच्या पोटापर्यंत घामाने डबडबलेली होती. वाटले, काय झकास थंड झाले! काही दिवसांत कॉम्प्रेसर बसला. उस्तादांनी तो ग्राइंडरने कापून माझ्यापुढे ठेवला. आत व्हॉल्व्हची पत्ती तुटलेली, तेल पातळ झालेले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इंडोअरचा फिल्टर पाहिला होतास?" नव्हता पाहिला. तो धुळीने पुरता बुजलेला होता. कॉइलला, म्हणजे खोलीची हवा गार करणाऱ्या नळ्यांना, हवाच मिळत नव्हती, त्यामुळे आतला द्रवरूप गॅस उकळत नव्हता आणि प्रेशर पडले होते. गॅस पुरेसा होता. वर मी आणखी ओतला. तो द्रवरूपातच कॉम्प्रेसरमध्ये गेला, आणि द्रव दाबला जात नाही, पत्ती तुटते.

त्या दिवशी खिशातला थर्मामीटर नळीला लावला असता तर सगळे उघड झाले असते. पाण्याचे भांडे आठवा. शेवटचा थेंब असेपर्यंत पाणी 100 अंशांवरच उकळत राहते, पण सगळी वाफ झाल्यावर ती वाफ त्याहून गरम होऊ शकते. उकळबिंदूच्या वरची ही गरमी म्हणजे सुपरहीट. 55 पीएसआयला आर-22 साधारण उणे 1 अंशाला उकळतो. नळी 1 अंश असेल, तर सुपरहीट 2 अंश, म्हणजे द्रव जेमतेम आटतो आहे. आधी फिल्टर, पंखा, कॉइल बघा. त्याच 55 वर नळी 16 अंश निघाली तर सुपरहीट 17, म्हणजे कॉइल उपाशी आहे, तिला द्रव पुरत नाही. मग गॅस कमी असेल किंवा ड्रायर (गॅसची गाळणी) किंवा कॅपिलरी (कॉइलमध्ये द्रव सोडणारी बारीक नळी) तुंबली असेल. काटा एकच, पण दुखणी दोन, आणि उपाय एकदम उलटे. उपाशी असूनही मशीन तसेच चालवले तर आणखी एक संकट: कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड गॅसवरच गार होते. तोच तापलेला आला की मोटर भाजते.

मोजायलाही हात बसावा लागतो. मशीन 10-15 मिनिटे चालू द्यावे, तांब्याची नळी पुसून त्यावर क्लॅम्प बसवावा आणि वरून फोम गुंडाळावा. तापमान मोजायची लेझरवाली बंदूक चकचकीत तांब्यावर खोटे बोलते. आणखी एक चूक मी अजूनही पाहतो. गेजवर आर-22 च्या उकळबिंदूची पट्टी असते आणि मशीन आर-410ए या दुसऱ्याच गॅसचे. 118 पीएसआयला 410ए सुमारे साडेचार अंशांना उकळतो, पण ती पट्टी 20 च्या आसपास दाखवते. नळी 10 अंश असली की सुपरहीट उणे 10! असे काही जगात नसते, पण वहीत लिहिलेले मी पाहिले आहे. हीट पंपात (खोली गरमही करणाऱ्या एसीत) तर गरम करताना बाहेरची कॉइल उकळवण्याचे काम करते, आणि जाड नळीतून तापलेला गॅस आत जातो. तिथे सुपरहीट मोजायचे ते रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारा) आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या नळीवर.

'मग किती हवे?' असे विचाराल तर एकच आकडा नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये द्रव कमी-जास्त सोडणाऱ्या) मशीनला कॉइलच्या तोंडाशी 5 ते 7 अंश ठीक. कॅपिलरीला मात्र बाहेरचे ऊन आणि आतला दमटपणा यांनुसार आकडा हलतो, त्यासाठी कंपनीचा तक्ता पाहावा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग आणि व्हॉल्व्ह दोन्ही आपोआप बदलतात, तिथे सुपरहीटवरून गॅस ठरवण्याच्या भानगडीत पडूच नये. गॅस काढावा, लीक शोधावा, व्हॅक्युम करावा (नळ्यांतली हवा ओढून काढावी) आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर तोलून भरावा.

पुढच्या वेळी तो मजकूर छापताना 'गॅस भरून घ्यावा' ऐवजी 'गॅस कमी आहे का, ते मोजून घ्यावे' असे करता आले तर पाहावे. आणि मेकॅनिकने गेज लावले पण थर्मामीटर पिशवीतच राहिला, तर वाचकांनी सुपरहीट किती आले, ते खुशाल विचारावे. आमच्यापैकी काहींना राग येईल, तो येऊ द्या.

आपला,
एक एसी मेकॅनिक